सिल्कसाँग असा का बनवलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हॉलो नाईट: सिल्कसाँग' हा व्हिडिओ गेम ४ सप्टेंबर २०२५ ला आला. तेव्हापासून मला जे निरोप येतात त्यात "हा बॉस कसा मारू" यापेक्षा "हे असं का करून ठेवलंय" हा सूर जास्त असतो. कधी कुतूहलाने, पण बहुतेकदा रात्री दीडला कंट्रोलर आपटल्यावर. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. बॉस मारायच्या युक्त्या इथे नाहीत. कथा कुठेही फोडलेली नाही, फक्त शेवटच्या प्रश्नात खेळाच्या रचनेबद्दल थोडं आहे. पहिल्यांदा खेळत असाल तर तो सोडा.

१. पहिला भाग खेळलेलो नाही. थेट सिल्कसाँग घेतला तर चालेल का?

कथेपुरतं चालेल. राज्य नवं आहे, फारलूम. नायिका हॉर्नेटला पिंजऱ्यात घालून तिथे आणलेलं असतं, आणि तिलाही तिथलं काही ठाऊक नसतं. जुनी नाती माहीत असतील तर काही प्रसंग जास्त भिडतात, इतकंच.

प्रश्न कथेचा नाही, हाताचा आहे. पहिल्या भागाची सुरुवात सावकाश होते. किडे येतात, मरतात, तुम्ही शिकता. सिल्कसाँग गृहीत धरतो की ते शिक्षण झालेलं आहे. म्हणून माझं मत विचाराल तर आधी 'हॉलो नाईट' खेळा. तो २०१७ चा आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.

२. हा मुळात पहिल्या भागाचा जोडभाग होता म्हणे. मग वेगळा गेम का केला?

हो, होता. टीम चेरी ही ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची मोजक्या माणसांची टीम. २०१४ च्या किकस्टार्टर मोहिमेत त्यांनी दुसरं खेळता येणारं पात्र देऊ असा शब्द दिला होता, आणि ते पात्र म्हणजे हॉर्नेट. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी सांगितलं की पसारा इतका वाढलाय की आता हा स्वतंत्र खेळ होईल.

खेळून पाहिल्यावर ते पटतं. पहिल्या भागातल्या हॅलोनेस्ट राज्याच्या खोल्या त्याचा नायक नाईट याच्या उडीच्या मापाने बांधल्या आहेत. हॉर्नेट उंच आहे, वेगवान आहे, कड्याला हात लावून स्वतःला वर ओढते. तिला त्या खोल्यांत सोडलं असतं तर अर्धे अडथळे अडथळेच राहिले नसते. पात्र बदललं की घराची मापं बदलावी लागतात. पुढच्या जवळजवळ सगळ्या उत्तरांचं मूळ इथेच आहे.

आणि साडेसहा वर्षं का लागली, तर बनवणारे आरी गिब्सन आणि विल्यम पेलन यांनी २०२५ च्या मुलाखतीत सांगितलं की काम कधी अडलं नव्हतं, त्यांना मजा येत होती आणि ते भर घालत गेले. वाट बघणाऱ्यांना हे ऐकून काय वाटलं असेल ते सोडून द्या.

३. नाईट आणि हॉर्नेट, खेळताना नेमका फरक काय?

नाईट थांबून वार करतो, हॉर्नेट वाहत्या अंगाने. तिला धाव मिळते ('स्विफ्ट स्टेप', डीप डॉक्स या भागात मिळते, सुरुवातीला नसते), धावत मारलेली उडी लांब जाते, आणि तिचा खालचा वार तिरका आहे (प्रश्न ४). बरं होण्याची पद्धत पूर्ण वेगळी आहे (प्रश्न ५). नाईटच्या ताबीजांच्या जागी तिला तीन रंगांची हत्यारं-अवजारं आणि लढायची ढब बदलणारे क्रेस्ट मिळतात (प्रश्न १० आणि १२).

एक फरक लोक विसरतात: नाईट मुका होता, हॉर्नेट बोलते. ती प्रश्न विचारते, नकार देते, कधीकधी टोमणाही मारते. त्यामुळे इथे लोकांची कामं करून देणं, ज्यांना खेळात 'विश' म्हणतात, जास्त नैसर्गिक वाटतं. मुक्या नाईटला कोणी काम सांगितलं असतं तर तो नुसता बघत राहिला असता.

४. खालचा वार तिरका का केला? सरळ पोगो (खाली वार करून शत्रूवरून उसळणं) काय वाईट होता?

सर्वात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि बहुतेक निरोप हंटर्स मार्च या भागात अडकलेल्यांचे.

आधी एक आठवण. पहिल्या भागात ग्रीनपाथच्या शेवटी हॉर्नेट तुमच्याशी लढते. ती उंच उडते, हवेत क्षणभर थांबते आणि तिरकी झेप घेऊन अंगावर येते. ती झेप चुकवायला आपण किती वेळा मेलो? आता तीच झेप तुमच्या हातात दिली आहे. वार नवा नाही, आपण त्याच्या दुसऱ्या टोकाला होतो.

खेळाच्या दृष्टीने फरक असा. नाईटचा पोगो हा निव्वळ वार होता. तुम्ही ज्याच्या डोक्यावर आहात तिथेच राहता. हॉर्नेटचा पोगो ही हालचाल आहे. बटण दाबलं की ती त्या दिशेने निघते, आणि निशाणा हुकला तर तुम्ही नको तिथे पोचता. म्हणजे प्रत्येक पोगोआधी 'मी आता कुठे आहे' याबरोबर 'मी कुठे उतरणार' हेही ठरवावं लागतं. थेट वरून मारायची सवय मोडायची आणि शत्रूच्या थोडं बाजूला राहून झेप घ्यायची. पहिले चार-पाच तास हात ऐकत नाहीत. मग एके दिवशी लक्षात येतं की आपण विचार न करता तिरके जातोय, आणि जुना भाग परत लावला की नाईट पायाला दगड बांधल्यासारखा वाटतो.

तरीही जमत नसेल तर हट्ट करू नका. वॉन्डरर नावाच्या क्रेस्टचा खालचा वार जवळजवळ नाईटसारखा सरळ आहे, आणि तो खेळाच्या पहिल्या टप्प्यातच मिळवता येतो. माझी तक्रार असलीच तर एवढीच: तो पर्याय खेळाने इतका लपवायला नको होता.

५. रेशीम पूर्ण भरल्याशिवाय हील होत नाही, हे जास्त कठोर नाही का?

वाटतं कठोर, पण हिशेब मांडून बघा.

मास्क म्हणजे जिवाचा एक घटक, सोल आणि रेशीम म्हणजे वार करून भरणारा साठा, आणि बाइंड म्हणजे रेशीम खर्चून बरं होणं (हील). पहिल्या भागात एका वाराने ११ सोल मिळायचा आणि एक मास्क भरायला ३३ लागायचा. म्हणजे तीन वारांना एक मास्क. सिल्कसाँगमध्ये एका वाराने रेशमाचा एक धागा मिळतो, बाइंडला नऊ लागतात, आणि ते एकदम तीन मास्क भरतं. नऊ वारांना तीन. म्हणजे पुन्हा तीन वारांना एकच! भाव तोच आहे, फक्त सुट्टं विकणं बंद करून ठोक ठेवलंय.

हा 'ठोक' व्यवहारच सगळं बदलतो. नाईटने शत्रूकडे बघत एक-एक मास्क चोरून भरायचा, तोही जमिनीवर उभं राहून. हॉर्नेट हवेत उडी मारून, बॉसच्या डोक्यावरून जाताना बाइंड करू शकते आणि एकाच दमात परत लढायला उभी राहते. तिने थांबू नये हा उद्देश साफ दिसतो. किंमत अशी की बाइंड चालू असताना फटका बसला तर सगळं रेशीम पाण्यात.

दुसरी गोष्ट: सुरुवातीला रिळावर नऊच धागे मावतात. सिल्कस्पिअरसारखं कौशल्य वापरलं की चार जातात, आणि हील हाताबाहेर. म्हणून पहिल्या काही तासांत कौशल्य वापरणं म्हणजे जिवाशी जुगार असतो. पुढे रिळ वाढतं तशी ही घुसमट कमी होते.

६. बहुतेक बॉसचा एक फटका दोन मास्क नेतो. पहिला जादा मास्क मिळवला तरी फरक का वाटत नाही?

कारण फरक पडतच नाही. पाच मास्क असताना दोन-दोनचे फटके: तीन उरतात, एक उरतो, मेलात. तीन फटके. सहा मास्क असताना: चार, दोन, शून्य. पुन्हा तीनच! चौथा फटका सोसायला सातवा मास्क लागतो. चार तुकडे शोधून आणलेला पहिला मास्क दोनाच्या फटक्यांपुढे बिनकामाचा ठरतो, हे मला खरंच खुपतं. बक्षीस दिल्यावर ते जाणवायला हवं.

पण याच गणितात एक वापरण्याजोगी गोष्ट लपली आहे. बाइंड तीन भरतं, फटका दोन नेतो. विषम आणि सम. एका मास्कवर असताना बाइंड केलं तर चार होतात, म्हणजे दुसऱ्या फटक्याला खेळ खलास. दोनांवर असताना केलं तर पाच, म्हणजे तिसऱ्या फटक्याला. एखादा छोटा, एक मास्क नेणारा फटका कधी बसला यावरून बाइंड केव्हा करायचं ते ठरवता येतं. पाचांच्या मर्यादेत तीन मास्क शिल्लक असताना बाइंड केलं तर एक वाया जातो, हे वेगळं सांगायला नको.

इतकं जोरात का मारतात, याचं उत्तर गिब्सनच्या बोलण्यातून मिळतं. मेलबर्नच्या एसीएमआय संग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याने सांगितलं होतं की हॉर्नेट नाईटपेक्षा मुळातच चपळ आहे, म्हणून साध्यातल्या साध्या शत्रूलाही जास्त हुशार करावं लागलं. पेलनने दिलेलं उदाहरण बोलकं आहे: या खेळातला साधा मुंगी-योद्धा जुन्या हॉर्नेट बॉसच्याच हालचालींवर बेतलेला आहे. पूर्वी जो बॉस होता, तो आता वाटेत उभा असलेला शिपाई आहे. चपळ पात्राला हळू फटके दिले असते तर तिला काही धोकाच उरला नसता.

७. सोपा मोड आहे का?

नाही. उलट खेळ एकदा संपवल्यावर 'स्टील सोल' मोड उघडतो, त्यात एकच जीव. सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीच्या पॅचमध्ये मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस किंचित सौम्य केले आणि मधल्या टप्प्यातल्या काही किमती उतरवल्या. यापलीकडे खेळाचा सोपेपणा म्हणजे 'इथे अडलास तर दुसरीकडे जा'. तो खरा आहे, पण नवख्याला कोणी सांगत नाही.

८. बेंचवर (विसाव्याच्या, मेल्यावर परत येण्याच्या जागेवर) बसायला पैसे? हे कुठल्या गेममध्ये असतं?

देवस्थानाबाहेर चपला ठेवायला पैसे देणाऱ्यांना आश्चर्य वाटू नये!

विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा तोच आहे. फारलूम हे यात्रेकरूंचं राज्य आहे. वर सिटाडेल हा बालेकिल्ला, खालून पायपीट करत चढणारे भाविक किडे, आणि त्यांच्या श्रद्धेवर चालणारी सगळी यंत्रणा. चलनसुद्धा जपमाळेचे मणी. तिथे विसाव्याला शुल्क असणं ही कथाच आहे, फक्त संवादातून न सांगता तुमच्या खिशातून सांगितलेली. बहुतेक ठिकाणी एकदा पैसे टाकले की बेंच कायमचा उघडतो, दर वेळी द्यावे लागत नाहीत.

रचना म्हणून ती सुरुवातीला मात्र टोचते. पहिल्या भागात जवळजवळ प्रत्येक शत्रू जिओ (तिथलं चलन) टाकायचा. इथे मणी मुख्यतः माळा घालणाऱ्या, 'माणसाळलेल्या' किड्यांकडे असतात. रानटी प्राणी नुसत्या कवचाच्या चिपा देतात. त्यामुळे रानातून दमून यावं आणि बेंचसमोर खिसा रिकामा निघावा, असं होतं. आणि हो, हंटर्स मार्चमधला बेंच फुकट आहे. त्यावर बसलात की का ते कळेल.

९. मेल्यावर मणी जातात. वाचवायचा मार्ग?

माळ ओवा. काही ठिकाणच्या यंत्रांत ८० मणी घातले की ६० मण्यांची माळ मिळते, आणि माळ मेल्यावर जात नाही. वीस मण्यांचा विमा समजा. बॉसआधी मी नेहमी करतो.

मेल्यावर उरतो तो कोष. पहिल्या भागातल्या सावलीसारखं त्याच्याशी लढावं लागत नाही, एक वार केला की मणी परत, वर रेशीमही भरतं. बऱ्याच बॉसच्या वेळी कोष लढाईच्या रिंगणातच पडतो. याला लोक शिव्या देतात, कारण पैशांसाठी परत त्याच बॉसपुढे जावं लागतं. पण लढाईच्या मध्यावर, रेशीम संपलेलं असताना कोष फोडला की एक पूर्ण बाइंड हातात येतं. मागच्या मरणाने पुढच्या जिवाला दिलेली उसनवारी. ही कल्पना मला सावलीपेक्षा सरस वाटते. कोष न उचलता पुन्हा मेलात तर जुने मणी गेले, हा नियम मात्र जसाच्या तसा आहे.

१०. लाल हत्यारं वापरली की चिपा संपतात. मग वापरायचीच कशाला?

इथे मी टीम चेरीची बाजू घेऊ शकत नाही.

हत्यारं तीन रंगांची: लाल हल्ल्याची, निळी बचावाची, पिवळी भटकंतीची. निळी-पिवळी नुसती लावून ठेवायची. लाल मात्र मोजून मिळतात आणि बेंचवर बसलं की चिपा खर्चून पुन्हा भरतात. भटकताना हे छान चालतं. शत्रू मारा, चिपा मिळवा, सुऱ्या भरा.

अडतं ते बॉसपाशी. बॉस शिकताना तुम्ही वीस वेळा मरणार. प्रत्येक प्रयत्नात हत्यारं वापरली तर चिपा भराभर आटतात, आणि हरलेल्या लढाईतून काहीच मिळत नाही. मग शत्रू मारत चिपा गोळा करायला जा. परिणाम असा की ज्याला मदतीची सर्वात जास्त गरज आहे तोच हत्यारं जपून ठेवतो, आणि ज्याला बॉस आधीच जमलाय तो उधळतो. बॉसच्या खोलीत मेल्यावर तेवढ्या फेरीच्या चिपा परत मिळाल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

तोवर माझा उपाय: पहिले सात-आठ प्रयत्न नुसत्या सुईने (हॉर्नेटचं मुख्य हत्यार), हालचाली पाठ होईपर्यंत. मग हत्यारं. लाल हत्यारांच्या वाराने रेशीम मिळत नाही हेही ध्यानात ठेवा; लांबून फेकत बसलात तर हील कधीच भरणार नाही.

११. कंपास अजून जागा खातो का?

खातो, पण आता पिवळी खाच खातो, आणि तिची स्पर्धा लाल हत्यारांशी नाही. पहिल्या भागात 'मी कुठे आहे' हे कळायला लढाईच्या ताबीजाची खाच द्यावी लागायची. हा बदल छोटा आणि निर्विवाद चांगला. नकाशे ते विकणाऱ्या शक्राकडून घ्यायचे.

१२. कोणता क्रेस्ट सर्वात चांगला?

चुकीचा प्रश्न, पण येतोच. क्रेस्ट म्हणजे नुसती ताकद नाही, तो तुमच्या सगळ्या वारांची ढब बदलतो: सुईचा पल्ला, वेग, खालचा वार, बाइंडचा परिणाम आणि खाचांचे रंग. रीपरचे वार रुंद आणि संथ. बाइंडनंतर काही काळ रेशीम जास्त मिळतं. बीस्टमध्ये बाइंडने लगेच मास्क भरत नाहीत, त्यानंतर वार करून ते कमवावे लागतात. आर्किटेक्टला रेशीम-कौशल्याची खाचच नाही, बदल्यात लाल हत्यारांवर सगळी मदार.

पहिल्या भागात ताबीजं एकेक करून बदलायचो, इथे पूर्ण साचा बदलावा लागतो. काहींना त्यात मोकळेपणा कमी वाटतो. मला उलट वाटतं, कारण ताबीजांचे चाळीस पर्याय असूनही बहुतेकांच्या अंगावर शेवटपर्यंत तीच चार-पाच असायची.

१३. बॉसपासून बेंच इतका लांब ठेवण्यात काय शहाणपण?

लास्ट जज या बॉसबद्दल विचारताय ना? बहुतेक तेच विचारतात.

बाजू मांडायची तर: रनबॅक, म्हणजे बेंचपासून बॉसपर्यंतची धाव, हीच एक छोटी परीक्षा असते. विसाव्या वेळी तुम्ही ती वाट एकही फटका न खाता, न थांबता पार करता, आणि हॉर्नेटची चाल हातात बसते ती तिथेच. विरोधात बोलायचं तर विसाव्या वेळी ते कळलेलं असतं, एकविसाव्या वेळी नुसता वेळ जातो. लास्ट जजकडे नेणारी ब्लास्टेड स्टेप्सची वाट मला मान्य आहे. बाइलवॉटर या दलदलीची नाही. तिथे एक बेंच लपवलेला आहे, तो सापडला तरच जगणं शक्य.

अडलात तर हेही लक्षात असू द्या की सिटाडेलमध्ये शिरायला लास्ट जज हा एकच दरवाजा नाही. धुक्यातून जाणारी दुसरी वाट आहे.

१४. बाइंड केलं, रेशीम गेलं, पण मास्क भरलेच नाहीत. बग आहे का?

बाइलवॉटरमध्ये आहात. घाण पाण्यात पडलात की अंगाला अळ्या चिकटतात, आणि मग पहिलं बाइंड त्या झटकण्यातच जातं. बग नाही, छळ आहे. बीस्ट क्रेस्ट लावला असेल तर कारण वेगळं, प्रश्न १२ पाहा.

१५. मल्टीबाइंडर (बाइंड बदलणारं अवजार) लावल्यावर प्रश्न ५ आणि ६ चं गणित बदलतं का?

बदलतं. तो एका बाइंडमध्ये दोनदा दोन-दोन मास्क भरतो, एकूण चार. सम आणि सम, त्यामुळे दोनाच्या फटक्यांपुढे एक बाइंड बरोबर दोन फटके फेडतं. पण वेळ जास्त लागतो, आणि वेगवान बॉस तेवढी उसंत देत नाहीत. आगीचे फटके त्रास देत असतील तर मॅग्मा बेल हे अवजार तिथला दोनाचा एक करतं. माझ्या मते ते जास्त कामाचं.

१६. मराठीत किंवा हिंदीत आहे का?

नाही. दहा भाषांत आहे, भारतीय एकही नाही. हॉर्नेट बोलकी असल्यामुळे वाचायला पहिल्या भागापेक्षा बरंच आहे.

१७. शेवटचा बॉस मारला, नावं पडली. मित्र म्हणतो अजून तिसरा अंक बाकी आहे. माझा सेव्ह वाया गेला का?

नाही. तो सेव्ह पुन्हा उघडा, तुम्ही शेवटच्या लढाईआधीच्या जगात परत याल.

खेळ दुसऱ्या अंकाअखेर संपू शकतो आणि बरेच जण तिथेच थांबतात. तिसरा अंक उघडायला लोकांच्या पुरेशा विनंत्या पूर्ण कराव्या लागतात, आणि मग एक खास विनंती समोर येते. म्हणजे ज्याने वाटेतल्या यात्रेकरूंकडे दुर्लक्ष करून थेट वर धाव घेतली, त्याला शेवटही तसाच मिळतो. 'विश'ची पाटी ही नुसती जादा कामांची यादी आहे असं समजून मीही पहिल्यांदा पुढे गेलो होतो.

एक सावधगिरी. तिसरा अंक सुरू झाला की जग बदलतं आणि आधीच्या काही विनंत्या पुन्हा मिळत नाहीत. सगळं पूर्ण करायची हौस असेल तर ती खास विनंती हातात घेण्याआधी बोन बॉटम आणि बेलहार्ट या वस्त्यांतल्या पाट्या एकदा नजरेखालून घाला.